जाझच्या तबकड्या आणि श्रोत्यांचें काम

कलेची आवड ही एकट्यानें उपभोगण्याची वस्तु आहे कीं चारचौघांत वांटून घेण्याची, हा प्रश्न संगीताच्या बाबतींत आपल्याला फारसा कधीं पडला नाहीं. आपली मैफल मुळांतच चारचौघांची. गवयानें एखादी जागा घ्यावी, समोरच्यानें मान डोलवावी, आणि ती मान पाहून गवयाला दुसरी जागा सुचावी, असा तो देवघेवीचा व्यवहार. दाद देणारा नसेल तर गाणें अर्धवट राहतें, ही आपली जुनी समजूत आहे. ध्वनिमुद्रिकेनें गेल्या सवाशें वर्षांत हा व्यवहार पार बदलून टाकला. गवई एका काळीं एका ठिकाणीं गाऊन गेला. श्रोता दुसऱ्याच काळीं, हजारों मैलांवर, दार लोटून ऐकत बसला. त्याची दाद गवयापर्यंत पोंचण्याचा मार्गच उरला नाहीं. मग ती जाते कोठें? ती दुसऱ्या श्रोत्याकडे जाते. एकाच कलावंताच्या तबकड्या जमविणारे दोन अनोळखी गृहस्थ एकत्र आले म्हणजे घटकाभरांत जें बोलूं लागतात, ती खरोखर कलावंताला द्यावयाची राहून गेलेली दादच असते.

या बोलण्याला टीकेचें मोल केव्हां येतें आणि तें नुसत्या हौसेचें बोलणें केव्हां राहतें, याचा विचार जाझ या अमेरिकन संगीताच्या निमित्तानें येथें करावयाचा आहे. जाझच निवडण्याचें कारण असें कीं, हें संगीत त्या त्या क्षणीं सुचेल तसें वाजविण्याचें. आणि आपल्यापैकीं बहुतेकांना तें भेटतें मात्र कायमचें गोठवून ठेवलेल्या तबकडीच्या रूपानें. क्षणजीवी कला आणि चिरंजीव तबकडी यांतील हा विरोध श्रोत्यानें कसा सोडवावा, हा या लेखाचा विषय.

पुणें-सातारा रस्त्यावर भोरकडे जाणारा फांटा जेथें फुटतो, त्या कापूरहोळ गांवीं आमच्या एका स्नेह्याच्या घरीं महिन्यांतून एकदां दहाबारा मंडळी जमतात. कोणी पुण्याहून येतो, कोणी भोरहून, एखादे गृहस्थ साताऱ्याहून. प्रत्येकानें आपल्या आवडीची एक तबकडी आणावयाची, ती सर्वांनीं निमूटपणें ऐकावयाची आणि मग तिच्याविषयीं बोलावयाचें, एवढाच तेथील नियम. अशा बैठकींत आणि अन्यत्रहि रसिकांचें जें बोलणें कानीं पडतें, त्याचे दोन प्रकार प्रस्तुत लेखकास वारंवार आढळले आहेत. आणि दोन्ही प्रकार ऐकण्याच्या आड येणारे आहेत.

पहिला प्रकार संग्राहकाचा. तबकडी कोणत्या कंपनीची, कोणत्या साली निघाली, मूळ छाप कीं पुनर्मुद्रण, आणि अमक्या वादकाचा नंबर पहिला कीं तमक्याचा, यांतच त्याची सर्व विद्या खर्ची पडते. ही माहिती निरुपयोगी आहे असें नव्हे; साल आणि ठिकाण यांवांचून तुलनाच करतां येत नाहीं. परंतु नंबर लावणें म्हणजे रसग्रहण नव्हे. दुसरा प्रकार अभिमान्याचा. तबकडी संपते न संपते तोंच तो म्हणतो, "यांत नवें तें काय? उत्स्फूर्त विस्तार तर आपल्या रागसंगीतांत शेंकडों वर्षें चाललेला आहे." हा दुसरा प्रकार अधिक गोड आणि म्हणूनच अधिक घातक. पहिला रसिक तबकडीचें वेष्टन पाहतो, दुसरा तिच्यांत स्वतःचा चेहरा पाहतो; ऐकत दोघेहि नाहींत.

या दोहोंहून निराळी अशी तिसरी रीत आहे. ती म्हणजे एका तबकडीशेजारीं दुसरी ठेवणें. ती कशी फलदायी होते हें दाखविण्यापूर्वीं, या संगीताशीं परिचय नसलेल्या वाचकासाठीं त्याची घडण दोन शब्दांत सांगितली पाहिजे. जाझचा उगम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरांत, गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तींत झाला. बँडांतील वाद्यें, चर्चमधील गायन, कष्टकऱ्यांचीं गाणीं आणि 'ब्लूज' नांवाचा करुण गीतप्रकार यांचा तो संगम. ब्लूजचें आवर्तन बारा मापांचें, प्रत्येक माप चार मात्रांचें. म्हणजे आपल्या भाषेंत अठ्ठेचाळीस मात्रांचें. आपल्या गवयाच्या मागें तानपुऱ्याचा एकच षड्ज अखंड चालूं असतो. येथें तसें नाहीं. पियानो किंवा बँजो निरनिराळे स्वरसमूह ठरलेल्या क्रमानें वाजवीत असतो आणि वादकाच्या पायांखालची जमीन दर कांहीं मात्रांनीं बदलत जाते. बदलाचा हा क्रम सर्वांना ठाऊक असतो. त्याच्यावर काय बांधावयाचें तें मात्र ज्याचें त्यानें त्या क्षणीं ठरवावयाचें.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. 'वेस्ट एंड ब्लूज' ही चीज किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाची रचना. १९२८ सालच्या जून महिन्यांत ऑलिव्हरनें आपल्या वाद्यवृंदासह ती ध्वनिमुद्रित केली. आणि थोड्याच दिवसांनीं, २८ जून रोजीं, शिकागोंत त्याचा शिष्य लुई आर्मस्ट्राँग यानें तीच चीज आपल्या 'हॉट फाइव्ह' या मंडळीसह मुद्रित केली. आर्मस्ट्राँग तेव्हां सव्वीस वर्षांचा होता. ऑलिव्हरनें त्याला १९२२ साली न्यू ऑर्लिन्सहून शिकागोस बोलावून आपल्या शेजारीं दुसरा कॉर्नेटवादक म्हणून बसविलें होतें. आपल्याकडील गुरुशिष्यांच्या नात्याहून हें नातें फार निराळें नव्हे.

गुरूची तबकडी आधीं वाजवावी. चाल संथ, नीटस, सर्वांनीं मिळून सांभाळलेली. मग शिष्याची वाजवावी. आरंभींच कोणाच्याहि साथीवांचून, ठेक्यावांचून, एकटा ट्रम्पेट कांहीं सेकंदांत वर चढत जातो आणि वळणें घेत खालीं उतरतो. लय सुरू होण्यापूर्वींच लयीची जाणीव करून देणारा असा तो आलाप आहे. पुढें ट्राँबोनचें एक आवर्तन, मग क्लॅरिनेटशीं आर्मस्ट्राँगच्या कंठाचा संवाद. या संवादांत शब्द नाहींत, नुसते निरर्थक वर्ण आहेत. तराणा ऐकलेल्या कानाला त्यांत विचित्र कांहीं वाटूं नये. नंतर अर्ल हाइन्सचा पियानो. शेवटच्या आवर्तनांत ट्रम्पेट एकच उंच स्वर धरतो आणि चार मापें तो सोडीत नाहीं. त्याच्याखालीं जमीन बदलत राहते, स्वर मात्र अढळ. आणि ऐकणाऱ्याचा श्वास कोंडण्याच्या बेतांत असतांनाच तो स्वर फुटून खालीं ओघळतो.

शिष्याची तबकडी एकटीच ऐकणारा रसिक म्हणतो, "काय अद्भुत!" दोन्ही शेजारीं ठेवणाऱ्या रसिकाला मात्र दिसूं लागतें कीं, चीज तीच, आवर्तन तेंच, महिना तोच, मग हें अद्भुत आलें कोठून? गुरूनें घर बांधलें, शिष्यानें त्याच्या भिंती न पाडतां छत उघडून आकाश आंत घेतलें. आणि दुसरीहि एक गोष्ट मग कानांत भरते. ऑलिव्हरची तबकडी सर्वांनीं मिळून वाजविण्याच्या जुन्या रीतीची आहे, आर्मस्ट्राँगची एकट्याच्या प्रतिभेची. एका रीतीचा मावळता आणि दुसरीचा उगवता काळ एकाच महिन्यांत मुद्रित झालेला आहे. ऑलिव्हर १९३८ साली साव्हाना गांवीं दारिद्र्यांत वारला, हें ठाऊक असलें म्हणजे त्या साध्या तबकडीकडे उपेक्षेनें पाहवत नाहीं. नंबर लावणाऱ्याला येथें शिष्य पहिला, गुरु दुसरा, एवढेंच दिसलें असतें.

दुसरें उदाहरण अभिमान्यासाठीं. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाची 'काइंड ऑफ ब्लू' ही दीर्घ तबकडी १९५९ सालच्या मार्च व एप्रिल महिन्यांत न्यू यॉर्क येथें दोन बैठकींत मुद्रित झाली. आपल्याकडील रसिकांची ही फार लाडकी. तिच्यांत झपाट्यानें बदलणारे स्वरसमूह बाजूला सारून एकेका स्वरसप्तकावर सावकाश विस्तार केलेला आहे. तिच्यांतील 'सो व्हॉट' ही पहिली रचना ऐकून आमच्या बैठकींत कोणीतरी हटकून म्हणतो, "हा तर आपला काफी थाट!" स्वर मोजून पाहिले तर तें खरेंहि आहे, गांधार व निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. परंतु सोळा मापें संपतांच काय होतें तें पाहावें. सबंध सप्तकच, षड्जासकट, अर्ध्या स्वरानें वर सरकतें. आठ मापें तेथें राहतें. आणि पुन्हां मूळ जागीं येऊन आठ मापांत बत्तिसांचें आवर्तन पुरें करतें. आपल्या संगीतांत षड्ज म्हणजे ध्रुवतारा. तो हलला तर तानपुरा बेसूर होईल, श्रोते उठून जातील. डेव्हिसच्या मंडळींत तो हलतो, आणि त्याच्या हलण्यांतच त्या रचनेचें सारें रहस्य आहे. पहिल्या सोळा मापांची स्वस्थता, मग तें किंचित् उचललें जाणें, मग परत घरीं येणें. जो "हा काफी" म्हणून थांबला त्याला हें घर सोडणें आणि घरीं येणें ऐकूंच आलें नाहीं.

सादृश्य शोधूं नये असें मात्र यावरून कोणीं समजूं नये. सादृश्य ही दाराची कडी आहे. ती वाजवून आंत जावयाचें असतें, कडीलाच लोंबकळत राहावयाचें नसतें. डेव्हिसच्या त्याच मंडळींत सॅक्सोफोन वाजविणारा जॉन कोल्ट्रेन पुढें आपल्या संगीताकडे ओढला गेला. १९६१ साली त्यानें 'इंडिया' या नांवाची रचना वाजविली आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचें नांव पंडित रविशंकरांवरून रवि असें ठेवलें. परंतु कोल्ट्रेननें आपला राग जसाच्या तसा उचलला नाहीं. आपल्या स्थिर षड्जाची शांति त्यानें स्वतःच्या अस्वस्थतेला उत्तर म्हणून घेतली. ज्याला घ्यावयाचें असतें तो वेगळेपण ओळखून घेतो. "हें आमचेंच" म्हणणारा कांहींच घेत नाहीं.

आतां या विषयाची दुसरी, अधिक गंभीर बाजू. ज्याची तबकडी आहे त्याच्याविषयीं आपण बोलतों. ज्याची नाहीं त्याचें काय? न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन (१८७७–१९३१) हा या संगीताच्या आद्य प्रवर्तकांपैकीं मानला जातो. १९०७ साली तो वेड्यांच्या इस्पितळांत गेला आणि तेथेंच त्याचा अंत झाला. त्याची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. जाझची पहिली म्हणून जी तबकडी प्रसिद्ध आहे ती २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यू यॉर्क येथें मुद्रित झाली, आणि तिच्यावरील पांचहि वादक गौरवर्णी होते. ज्यांनीं संगीत निर्माण केलें ते बाहेर राहिले आणि यंत्रापर्यंत जे आधीं पोंचले ते 'पहिले' ठरले. तबकडी खोटें बोलत नाहीं. पण ती सगळें सांगत नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकाला हें दुःख परकें वाटण्याचें कारण नाहीं. पुण्यास १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचीहि तबकडी नाहीं. मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यांतून जें ऐकूं येतें त्यावरून आपण बुवांचें गाणें ताडावयाचें. अल्लादियाखांसाहेब (१८५५–१९४६) ध्वनिमुद्रणाच्या युगांत चांगलीं चाळीस वर्षें जगले, तरी त्यांचें गाणें आपल्याला केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्याच द्वारें कळतें. कापूरहोळ हें धाराऊ गाडे यांचें गांव; बाळ संभाजीराजांना आईच्या मागें ज्या माउलीनें दूध पाजून वाढविलें त्या याच गांवच्या. इतिहासांत पराक्रम नोंदला जातो, दूध नोंदलें जात नाहीं. तें लोकांनीं आठवणींत धरून ठेवावें लागतें. संगीतांतहि जें पोसणारें असतें तें पुष्कळदां मुद्रित होत नाहीं, आणि तेथेंच श्रोत्यांच्या बोलण्याचें खरें मोल सुरू होतें.

मुंबईच्या जाझची कथा अशीच आहे. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. मागोमाग टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तेथें वाजवूं लागला. तो पुढें १९४५ साली कलकत्त्यास पटकीनें वारला. या परदेशीयांच्या शेजारीं बसून गोव्याचे वादक ही विद्या शिकले. पोर्तुगीज अमदानींत चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलेखन वाचण्याचें शिक्षण मिळालेलें होतेंच. उत्स्फूर्त वादनाची दीक्षा त्यांनीं मुंबईंत घेतली. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ 'चिक चॉकलेट' या नांवानें ट्रम्पेट वाजवी आणि लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

"आम्ही जाझ कधीं ऐकलेंच नाहीं" असें म्हणणाऱ्या मराठी कुटुंबानेंहि तें ऐकलेलें आहे. पुणतांब्यास जन्मलेले आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांपाशीं शिकलेले सी. रामचंद्र यांच्या 'शहनाई' (१९४७) व 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांच्या संगीतांत तो ट्रम्पेट, ती डोलणारी लय सरळ घरांत शिरली. 'अलबेला'मध्यें तर चिक चॉकलेट आपल्या मंडळीसह पडद्यावर दिसतोहि. परंतु त्या गाण्यांच्या तबकड्यांवर नांवें कोणाचीं? गायकांचीं आणि संगीतदिग्दर्शकांचीं. ट्रम्पेट कोणीं वाजविला, सॅक्सोफोनची ओळ कोणीं लिहिली, याची तेथें दाद ना फिर्याद. त्या वादकांची हॉटेलांतून रात्रींबेरात्रीं झालेली उत्स्फूर्त वादनें बहुतेक हवेंतच विरून गेलीं. त्यांतलें जें उरलें तें बरेंचसें ऐकणाऱ्यांच्या आठवणींमुळें उरलें; नरेश फर्नांडिस यांनीं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या २०१२ सालच्या पुस्तकांत अशा आठवणी, छायाचित्रें व तबकड्या एकत्र करून या मंडळींना त्यांचीं नांवें परत दिलीं.

हें काम पुस्तक लिहिणाऱ्या एकट्याचें नव्हे. निरंजन झवेरी यांच्यासारख्या रसिकांनीं १९७८ साली मुंबईस 'जाझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षीं सनी रोलिन्ससारखा श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक तेथें वाजवून गेला. १९९० साली मुंबईस सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. भौतिकशास्त्राचे संशोधक डॉ. सुरेश चांदवणकर हे तिचे चिटणीस. या मंडळींनीं आपले संग्रह कपाटांत कुलूपबंद न ठेवतां ऐकण्याच्या बैठकी भरविल्या आणि तबकड्यांची माहिती नियतकालिकांतून छापली. येथें संग्राहकाची विद्या सार्थकीं लागते. साल, ठिकाण, छाप ही माहिती मिरविण्यासाठीं जमविली तर ती हौस. हरवलेल्या माणसाचा माग काढण्यासाठीं जमविली तर तीच सेवा.

तेव्हां श्रोत्यांच्या बैठकीकडून अपेक्षा तीन. एक, कोणतीहि तबकडी एकटी ऐकूं नये. तिचा गुरु, शिष्य किंवा प्रतिस्पर्धी शेजारीं असावा, म्हणजे गोठलेली उत्स्फूर्तता पुन्हां हलूं लागते आणि "असेंहि वाजवितां आलें असतें" ही जाणीव परत येते. दोन, आवड सांगतांना कारण सांगावें, आणि कारण तबकडीवरील जागेवर बोट ठेवून सांगावें. "मला आवडतें" या वाक्यानें चर्चा संपते. "हा स्वर चार मापें धरला म्हणून मला आवडतें" या वाक्यानें ती सुरू होते. तीन, ज्याचें नांव वेष्टनावर नाहीं त्याची चौकशी करावी. घरोघरीं अजून अशीं वडील माणसें आहेत कीं, ज्यांनीं मुंबईच्या हॉटेलांतून, लग्नसमारंभांच्या बँडांतून, चित्रपटांच्या स्टुडिओंतून हे वादक प्रत्यक्ष ऐकले. त्यांना विचारावें आणि तें लिहून ठेवावें. ती माणसें गेलीं म्हणजे ही शेवटची तबकडीहि फुटली असें समजावें.

१९७७ साली अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. मानवजातीची ओळख म्हणून प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यावर आर्मस्ट्राँगची १९२७ सालची 'मेलँकली ब्लूज' आहे आणि आपल्या केसरबाईंची भैरवीहि आहे. दोन्ही जुन्या तबकड्यांच्या एका बाजूच्या मापाच्या. दोन्ही कांहीं मिनिटांच्या. त्या तबकडीवर भास्करबुवा नाहींत, बोल्डन नाहीं, ऑलिव्हर नाहीं, चिक चॉकलेट नाहीं. पण केसरबाईंच्या एका मींडेंत अल्लादियाखांसाहेब आहेत आणि आर्मस्ट्राँगच्या फुंकेंत ऑलिव्हर आहे, हें यंत्राला सांगतां येत नाहीं. तें ज्यांनीं ऐकलें, ताडून पाहिलें आणि एकमेकांना सांगितलें, अशा श्रोत्यांनाच सांगतां येतें.